उंदराला रोज एक अंडं

दिवाळी होऊन महिना उलटला की फराळाच्या डब्याच्या तळाशी मूठभर चिवडा उरलेला सापडतो. झाकण काढलं की आधी वास येतो आणि घरातलं कुणीतरी लांबूनच म्हणतं, "खवट झालाय, टाकून दे तो." बुरशी कुठे दिसत नाही, आंबलेलं काही नसतं. शेंगदाण्यांतलं आणि फोडणीतलं तेल हवेतल्या ऑक्सिजनने बिघडलेलं असतं, इतकंच. पुढे जे सांगायचं आहे ते बरंचसं या 'खवट' शब्दातच आहे, म्हणून तो आधीच काढून ठेवते.

निमित्त झाल्या आमच्या शेजारच्या काकू. आम्ही ठाण्यात चरईत राहतो, काकूंचं माहेर चेंदणी कोळीवाड्यातलं. एका सकाळी फोन हातात घेऊन आल्या. "अगं, हे वाच. उंदरांना कोलेस्टेरॉल खायला घातलं तर त्यांच्या लिव्हरला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आला म्हणे. ह्यांची अंडी मी कालपासून बंद केली. आता कोळंबीपण बंद करू का?"

मजकूर वाचला. चक्क खरा होता. पंचाईत अशी, की असा स्ट्रेस मी स्वतः उंदरांना आणलेला आहे. एम.फार्म.चं दुसरं वर्ष, रोज ठाण्याहून नेरूळची लोकल, आणि नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्राणिगृहात पांढऱ्या रॅटचे, म्हणजे मोठ्या उंदरांचे, पिंजरे. तेव्हा काकूंना दोन वाक्यांत उडवून लावणं जमेना.

स्ट्रेस या शब्दाने आधी गैरसमज होतो. उंदीर घाबरला, चिडला, त्याला ताण आला, असं यात काही नाही. आपल्या प्रत्येक पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होत असते आणि त्या कामात थोडा ऑक्सिजन अर्धवट स्थितीत निसटतो. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल ही त्या निसटलेल्या मंडळींची नावं. ती आक्रमक असतात, समोर येईल त्याच्याशी भिडतात. शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचं एन्झाइम सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं (हे काम 1969 साली अमेरिकेत मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं), मग कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतात. निसटणं आणि निस्तरणं यांचा मेळ बसला तर सगळं ठीक. निसटणं वाढलं किंवा निस्तरणारे कमी पडले, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

आणि ही मंडळी सगळ्यात आधी चरबीला धरतात, तेही ठरावीक चरबीला. ज्या फॅटी ॲसिडमध्ये दुहेरी बंध जास्त, त्यातला एखादा हायड्रोजन सहज उपटता येतो. पावसाळ्यात ऑफिसबाहेर छत्र्या ठेवलेल्या असतात ना, तसं समजा. एकाची छत्री कुणी उचलून नेली. तो बाहेर येतो, पाऊस कोसळतोय, लोकल पकडायची आहे. तो शेजारची छत्री उचलतो. ज्याची गेली तो पुढची उचलतो. चोर एकच होता, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याच्या छत्र्या इकडच्या तिकडे होतात. तेल खवट होतं ते असं, एकाने दुसऱ्याचा हायड्रोजन ओढत. ही साखळी तोडायला कुणीतरी 'जाऊ दे, मी भिजत जातो' म्हणणारा लागतो. पेशीच्या पडद्यात ते काम व्हिटॅमिन ई करतं, आणि भिजलेल्या ईला पुसून कोरडं करायचं काम व्हिटॅमिन सी.

इथवरचं सगळं कुठल्याही प्राण्याला लागू आहे. कोलेस्टेरॉल यात शिरतं कुठून, ते पाहायचं तर पिंजऱ्यापाशी जावं लागेल.

खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या मोठ्या संशोधन संस्थेची गोष्ट वेगळी. आमचं प्राणिगृह म्हणजे दोन खोल्या, एक एसी आणि तिथे काम करणारे एक दादा. कोलेस्टेरॉल बाटलीत येतं ते पांढऱ्या, किंचित मेणचट पावडरीच्या रूपात. दळलेल्या खाद्यात एक टक्का कोलेस्टेरॉल, अर्धा टक्का कोलिक ॲसिड आणि थोडं तेल, असं आमचं मिश्रण होतं. पहिल्या आठवड्यात उंदरांनी ते हुंगून सोडून दिलं. कोलिक ॲसिड हे पित्तातलं आम्ल, चवीला कडू. मी हवालदिल. दादा म्हणाले, "ताई, भुकटी कोण खाईल? पाण्याचा हात लावून लाडू वळा, वाळवा, मग बघा." तसे लाडू वळले. माझ्या प्रबंधात त्या लाडवांचं वर्णन 'पेलेट स्वरूपातील आहार' असं छापलेलं आहे.

आता त्या लाडवाचा हिशेब करू, कारण काकूंच्या अंड्यांचा प्रश्न याच हिशेबात अडकलाय. पाव किलोचा रॅट दिवसाला साधारण 20 ग्रॅम खातो. त्याचा एक टक्का म्हणजे 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल. एका कोंबडीच्या अंड्यात जवळपास तेवढंच असतं. म्हणजे पाव किलोच्या जिवाला रोज एक अंडं. 60 किलोच्या माणसाला वजनाच्या प्रमाणात लावलं तर रोज 240 अंडी! हा हिशेब थोडा अन्यायाचा आहे, लहान प्राण्यांचा चयापचय वेगवान असतो. म्हणून औषधशास्त्रात शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात मोजतात आणि रॅटचा आकडा सहाने भागतात. तरीही रोज 40 अंडी उरतातच. काका खातात दोन, तीही एक दिवसाआड.

एवढं का घालायचं? कारण रॅट दाद देत नाही. त्याचं यकृत जादा कोलेस्टेरॉलचं भराभर पित्ताम्ल करून बाहेर काढतं, आणि त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपण ज्याला 'चांगलं' म्हणतो त्या एचडीएलमधून फिरतं. म्हणून तर कोलिक ॲसिड मिसळायचं: त्याने आतड्यातून कोलेस्टेरॉल जास्त शोषलं जातं आणि पित्ताम्ल बनवण्याची वाटही मंदावते. थोडक्यात, आपण आधी उंदराची मोरी तुंबवतो आणि मग नळ सोडतो. शिवाय पित्ताम्लाचा यकृताला स्वतःचा असा त्रास असतोच. यकृतात दिसलेल्या स्ट्रेसमध्ये कोलेस्टेरॉलचा वाटा किती आणि कोलिक ॲसिडचा किती, हे वेगळं करायला फक्त कोलिक ॲसिड घातलेला एक गट लागतो. तो प्रत्येक प्रयोगात असतोच असं नाही. माझ्या प्रयोगात नव्हता.

सशाचं याच्या अगदी उलट. ससा गवत खाणारा; त्याच्या आहारात निसर्गतः कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे ते आलं तर काढायचं कसं याची तयारीही नाही. 1908 साली रशियात इग्नाटोव्स्कीने सशांना मांस, दूध, अंडी खायला घातली, त्यांच्या धमन्या बिघडल्या. त्याला दोष प्रथिनांचा वाटला. 1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह आणि त्याचा सहकारी खालातोव्ह यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिलं, आणि काही आठवड्यांत धमन्यांच्या आतल्या भिंतीवर पिवळट चरबीचे थर चढले. दोषी सापडला. तोच आहार उंदरांना आणि कुत्र्यांना दिला तर मात्र तसं काही होत नाही, त्यामुळे बरीच वर्षं लोक म्हणत राहिले, की हा सशापुरता मामला आहे. शंका रास्त होती. पण सशाच्या धमनीत जे चालतं ते नीट पाहिलं तेव्हा आपल्या धमनीतल्या बिघाडाची बरीच उकल झाली, हेही खरं.

काय चालतं तिथे? रक्तात एलडीएलचे, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात त्याचे, कण फार झाले की काही धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथेच अडकून बसतात. रक्तात असेपर्यंत त्यांच्या आसपास व्हिटॅमिन सी वगैरे रक्षक मुबलक. अस्तराखाली ती सोय कमी. तिथे कणातली चरबी खवट होते. खवट चरबीतून निघालेले तुकडे कणावरच्या प्रथिनाला चिकटतात आणि कणाचा चेहराच बदलून जातो. साफसफाई करणारी मॅक्रोफेज पेशी साध्या एलडीएलला बेताने घेते, पोट भरलं की दार बंद करते. हा चेहरा बदललेला कण ती वेगळ्या दाराने घेते, आणि त्या दाराला कडी नाही. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या जोडीने 1979 साली ते दार दाखवलं, तेव्हा त्यांनी रासायनिक क्रिया करून मुद्दाम बदललेलं एलडीएल वापरलं होतं. शरीरात हा बदल खवटपणाने होत असावा, ही मांडणी पुढे डॅनियल स्टाइनबर्ग आणि त्यांच्या गटाने लावून धरली. खाऊन खाऊन त्या पेशीत चरबीचे इतके थेंब साठतात की सूक्ष्मदर्शकाखाली ती साबणाच्या फेसासारखी दिसते. नावही तेच, फोम सेल. अनिच्कोव्हच्या सशांतले पिवळे पट्टे म्हणजे अशा लाखो फेसाळ पेशी.

दुसरी बाजू अस्तराची. 1993 मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात डेव्हिड हॅरिसन यांच्या गटाने कोलेस्टेरॉल खाल्लेल्या सशांच्या महाधमनीचे तुकडे काढून सुपरऑक्साइड मोजलं. ते वाढलेलं निघालं. मग त्यांनी धमनीचं आतलं अस्तर खरवडून काढलं आणि पुन्हा मोजलं, तर वाढ नाहीशी! म्हणजे अस्तराच्या पेशी नुसत्या मार खात नव्हत्या, त्या स्वतःच सुपरऑक्साइड तयार करत होत्या. हे सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला गिळतं, आणि नायट्रिक ऑक्साइड म्हणजे धमनीला 'सैल हो' असा निरोप देणारा रेणू. निरोप्याच गेल्यावर धमनी आखडलेली राहते. मला स्वतःला हा प्रयोग फार आवडतो. खरवडा आणि पुन्हा मोजा, इतका साधा.

आमच्या कॉलेजात एवढी साधनं कुठली! आमच्याकडे गुलाबी रंग होता.

खवटपणा मोजायची जुनी रीत अशी. चरबी बिघडली की तिच्यातून मॅलॉन्डायल्डिहाइड नावाचा छोटा रेणू सुटतो, आम्ही त्याला एमडीए म्हणायचो. यकृताचा तुकडा थंड द्रावणात वाटायचा, त्यात थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालायचं, परीक्षानळ्या उकळत्या पाण्यात उभ्या करायच्या. पाणी उडू नये म्हणून प्रत्येक नळीच्या तोंडावर खेळायची एकेक काचेची गोटी. त्या गोट्या मी गोखले रोडवरून आणल्या होत्या, दुकानदाराने विचारलं, "मुलगा केवढा आहे?" उकळता उकळता नळ्या गुलाबी होत जातात: साध्या आहाराच्या फिक्या, लाडवाच्या गडद. 532 नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं, की आकडा हातात. तेल-मांस किती खवट झालंय हे बघायला खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेतही हीच चाचणी लावतात. चिवड्याचा डबा आणि उंदराचं यकृत, दोघांना एकच परीक्षा.

आता या गुलाबी रंगाच्या खोड्या. एक तर तो एमडीएखेरीज इतरही काही रेणूंशी, साखरेशीसुद्धा, थोडाफार उमटतो. दुसरं, उकळतानाच नळीत नवा खवटपणा तयार होतो. तिसरं, रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यातलं लोह सगळं गणित बिघडवतं. माझे एका दिवसाचे सगळे नमुने यात गेले, सुई घाईने ओढल्यामुळे. आणि चौथी खोडी मला सरांनी दाखवली तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. रक्तातल्या एमडीएचा तक्ता घेऊन मी ऐटीत गेले. कोलेस्टेरॉलच्या गटाचा खांब कसा उंच! सरांनी एकदाच बघितलं. "रक्तात चरबीच दुपटीने आहे. खवटपणा जास्त निघणारच की. चरबीने भागून आण."

भागून आणलं. फरक उरला, पण तो पहिला रुबाब गेला. तेव्हापासून असा कुठलाही लेख हातात आला की मी आधी आकड्याखालचं एकक बघते. दर मिलिलिटर रक्तामागे आहे की दर मिलिग्रॅम चरबीमागे? पाच किलो शेंगदाण्यांत एक किलोपेक्षा जास्त खवट दाणे निघाले, यात दाणे जास्त नासले असं सिद्ध होत नाही.

एन्झाइमांचं तर आणखी गमतीचं. काही प्रयोगांत कोलेस्टेरॉलच्या आहाराने सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटलेज घटतं, काहींत वाढतं. वाढलं तर लिहायचं, 'शरीराने प्रतिकार वाढवला'. घटलं तर लिहायचं, 'प्रतिकार करून थकलं'. दोन्ही खरं असू शकतं, सुरुवातीच्या आठवड्यांत वाढ आणि नंतर घट असा क्रम दिसतोही. पण एकाच दिवशी मोजून, निघेल त्या आकड्याला तयार स्पष्टीकरण चिकटवणं ही आमच्या क्षेत्राची वाईट सवय आहे आणि मीही ती केलेली आहे. ग्लुटाथायोन या रक्षक रेणूची घट त्यामानाने जास्त भरवशाची. यकृताच्या पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यात कोलेस्टेरॉल फार साठलं की तो पडदा ताठर होतो आणि ग्लुटाथायोन आत जायला अडतं. जिथे सुपरऑक्साइड सर्वांत जास्त निसटतं तिथेच रक्षक पोचत नाही.

एक जुना किस्सा इथेच सांगायला हवा. कोलेस्टेरॉलची पावडर स्वतःही हवेत पडून खवट होते. 1976 साली अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने बाटलीतल्या जुन्या कोलेस्टेरॉलमधली ही बिघडलेली द्रव्यं वेगळी काढून सशांना दिली, तर धमन्यांच्या पेशी त्यांनीच जास्त मेल्या. शुद्ध, ताजं कोलेस्टेरॉल त्यामानाने सौम्य निघालं. म्हणजे आधीच्या कित्येक प्रयोगांत सशांच्या पोटात गेलेला स्ट्रेस काही अंशी बाटलीतूनच आला असणार. आमची बाटली फ्रिजमध्ये असायची, पण कितव्या बॅचने ती फोडली होती कुणास ठाऊक.

मग अँटिऑक्सिडंट का घेऊ नयेत, हा पुढचा प्रश्न काकूंनी विचारलाच. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत याच प्रश्नावर प्रबंधांचे गठ्ठे आहेत: मेथी, आवळा, शेवगा, लसूण, अर्जुनाची साल. उंदराला कोलेस्टेरॉल घाला, अर्क द्या, गुलाबी रंग फिका होतो का बघा. बहुतेक वेळा होतो. गुग्गुळाची कथा त्यात सर्वांत बोलकी. 1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाचा धागा पकडून सशांवर गुग्गुळाचा प्रयोग केला, रक्तातली चरबी उतरली. 1980च्या दशकात त्याचं औषध भारतात आलं. 2003 साली अमेरिकेत माणसांवर काटेकोर चाचणी झाली, तर एलडीएल उतरलं नाहीच, उलट किंचित चढलं. व्हिटॅमिन ईचंही तसंच. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत साडेनऊ हजार माणसांना वर्षानुवर्षं ई किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली; हृदयविकारात फरक नाही. 2002च्या ब्रिटनमधल्या चाचणीत वीस हजारांवर लोक होते, ई, सी आणि बीटा कॅरोटीन तिन्ही दिली, रक्तात ती वाढलेलीही दिसली, झटके मात्र तेवढेच. त्याच माणसांत कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनने झटके स्पष्ट कमी झाले.

याची कारणं अजून वादात आहेत, पण एक फरक उघड आहे. रॅट, छोटा उंदीर आणि ससा स्वतःचं व्हिटॅमिन सी यकृतात स्वतः बनवतात. आपण बनवत नाही, गिनीपिगही नाही. छत्र्यांच्या त्या मजल्यावर त्यांचा बंदोबस्तच वेगळा. शिवाय प्रयोगातल्या उंदराला पहिल्या दिवसापासून अर्क मिळतो. माणूस गोळी सुरू करतो तेव्हा धमनीत तीस वर्षांचा साठा असतो.

काकू हे सगळं ऐकत बसल्या होत्या, भाजी निवडत. मग मुद्द्यावर आल्या. "ते सगळं राहू दे. कोळंबीचं काय?"

शंभर ग्रॅम कोळंबीत कोलेस्टेरॉल जवळजवळ अंड्याइतकं, पण संपृक्त चरबी एक ग्रॅमसुद्धा नाही. माणसाचं यकृत स्वतःच रोज बरंच कोलेस्टेरॉल बनवतं आणि ताटातलं वाढलं की आपलं थोडं कमी करतं. काहींचं हे समायोजन ढिलं असतं, त्यांचं रक्त जास्त चढतं. एलडीएल जास्त वाढवते ती संपृक्त चरबी, कारण तिच्यामुळे यकृतावरची एलडीएल उचलणारी दारं कमी होतात. काकूंच्या कालवणात अख्ख्या नारळाचं वाटण जातं. नारळात कोलेस्टेरॉल शून्य आणि संपृक्त चरबी भरपूर. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं असतं तेही याच जातीचं. वनस्पतीच्या तेलात ते कधी नव्हतंच.

"म्हणजे कोळंबी चालेल, नारळ नको?" काकूंचा चेहरा असा झाला की मी उंदरांवर अत्याचार केला तो परवडला.

"नारळ अर्धा. काकांची स्टॅटिनची गोळी बंद करू नका. आणि लिपिड प्रोफाइल झाली की अंड्याचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा."

रविवारी त्यांच्याकडून वाटी आली. कोळंबीचं कालवण, चिंचेवर, पातळसर. नारळ अर्धा नव्हता, पण अख्खाही नव्हता.